गावच्या घरी रेंज हवी आहे: फोन कोणता घ्यावा आणि नेमकं काय मोजावं?

वाडीकर
आई-बाबा संगमेश्वर तालुक्यात आमच्या वाडीत राहतात. घर जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर कौलं. अंगणात फोनला सगळ्या काड्या दिसतात, ओटीवर एखादी कमी होते आणि माजघरात गेलं की फोन लागेलच याची खात्री नाही. बाबांना हृदयाचा त्रास आहे. रात्री-अपरात्री आईला घरातून फोन लावता आला पाहिजे, ही खरी गरज. व्हिडिओ कॉल झाला तर उत्तमच.

गणपतीला जाताना नवा फोन न्यायचा आहे, बजेट साधारण १५ हजार. दुकानात सांगितलं, "५जी घ्या, रेंज आपोआप वाढते." मला ते पटलं नाही, कारण आईचा जुना बटणांचा फोन त्याच माजघरात व्यवस्थित लागतो आणि बाबांचा स्मार्टफोन लागत नाही. असं का होतं? आणि कोणत्या कंपनीचा फोन रेंज चांगली पकडतो?

तरंग
मोबाईल नेटवर्कच्या तपासणीचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

फोन कोणता हा प्रश्न शेवटी येतो. आधी घरात कोणत्या कंपनीची, कोणत्या फ्रिक्वेन्सीची रेंज किती पोचते ते मोजा, मग सिम ठरवा, आणि मग त्या फ्रिक्वेन्सी पकडणारा फोन घ्या. बहुतेक लोक हे उलट्या क्रमाने करतात आणि पैसे वाया जातात.

काड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या याचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. अँड्रॉइडमध्ये ४जीसाठी मूळ आखणी अशी आहे: −९८ डीबीएम किंवा त्याहून चांगला असेल तर चारही काड्या, −१०८ पर्यंत तीन, −११८ पर्यंत दोन, −१२८ पर्यंत एक. पण नेटवर्क कंपनीला या सीमा बदलता येतात, आणि एक काडी वाढवून दाखवण्याची सोयही अँड्रॉइडमध्ये आहे. २०१० साली आयफोन ४ हातात धरला की सिग्नल पडतो अशी ओरड झाली होती. तेव्हा ॲपलने जाहीर पत्र काढून कबूल केलं होतं की काड्या मोजण्याचं आपलं सूत्र साफ चुकीचं आहे आणि जिथे दोन दाखवायला हव्यात तिथे कधीकधी चार दिसतात.

आईचा बटणांचा फोन चालतो त्याचं कारण सोपं आहे. तो बहुधा २जीवर, ९०० मेगाहर्ट्झला चालतोय. ९०० च्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात. शिवाय २जी फोन गरज पडली तर २ वॅटपर्यंत ताकदीने बोलतो, ४जी फोनची मर्यादा साधारण ०.२ वॅट असते. म्हणजे दहापट फरक. टॉवरचा आवाज फोनपर्यंत येतो, पण फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचत नाही, असं कडेच्या गावांत फार वेळा होतं, आणि काड्या तर फक्त येणाऱ्या बाजूच्याच दिसतात.

मोगरा
डीबीएम म्हणजे काय ते कुणी नीट सांगेल का? −९८ चांगला की −११२? आणि हा आकडा बघायचा कुठे?

तरंग
शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. दर १० ने खाली गेलं की ताकद दहा पटीने कमी होते, दर ३ ने खाली गेलं की साधारण निम्मी. −९० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटचा अब्जावा हिस्सा, आणि तेवढ्यावर ४जी छान चालतं. तेव्हा −९८ हा −११२ पेक्षा चांगला, आणि थोडाथोडका नव्हे, पंचवीसपट.

४जीमध्ये बघायचा तो आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद. माझा अनुभव असा: −९० च्या वर असेल तर काळजी नको. −१०० च्या आसपास घरात सगळं चालतं. −११० नंतर बोलणं होतं, पण व्हिडिओ अडखळतो. −११५ ते −१२० मध्ये फोन लागेलही, तुटेलही. त्याच्या खाली भरवसा नाही.

बघायचं कसं: अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस. तिथे सिग्नल स्ट्रेंग्थसमोर "−९८ डीबीएम ४२ एएसयू" असं काहीतरी दिसतं. (४जीमध्ये एएसयू म्हणजे त्याच आकड्यात १४० मिळवलेले, वेगळी माहिती नाही.) काही फोनांत *#*#४६३६#*#* डायल केलं की तपासणीचा पडदा उघडतो, सॅमसंगमध्ये *#००११#. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* डायल करून कॉलचं बटण दाबा. सगळ्यात सोयीचं म्हणजे नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपरसारखं ॲप. त्यात बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, कोणता तेही कळतं, आणि आपल्याला तेच हवंय.

एक खबरदारी. काही ठिकाणी आरएसआरपीऐवजी आरएसएसआय दाखवतात. तो अख्ख्या पट्ट्याची एकूण ताकद मोजतो, त्यामुळे त्याच जागी २५ ते ३० ने चांगला दिसतो. एका फोनवरचा आरएसएसआय आणि दुसऱ्यावरचा आरएसआरपी यांची तुलना करून "हा फोन भारी" असं ठरवू नका.

भटक्या
वाडीकर, मोजताना फोन एकाच जागी ठेवून एकच आकडा लिहून घेऊ नका. १८०० मेगाहर्ट्झची लहर साधारण साडेसोळा सेंटिमीटरची असते. भिंतींवर आपटून आलेल्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे मारतात. फोन चार बोटं सरकवला तरी आकडा दहाने बदललेला मी खिडकीच्या कट्ट्यावर पाहिलाय. फोन हातात धरून अर्धा मिनिट हळूहळू फिरवा आणि साधारण कुठे रेंगाळतो ते लिहा.

दुसरं म्हणजे जागा बदलली की विमान मोड चालू-बंद करा. फोन कधीकधी लांबच्या टॉवरला चिकटून राहतो.

दुकान_चिपळूण
मोबाईलचं दुकान चालवतो, म्हणून माझ्या बाजूने सांगतो.

"५जी घेतला की रेंज वाढते" हे खरं नाही. ५जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा, तो भिंतीत सगळ्यात आधी अडकतो. जिओकडे ५जीसाठी ७०० मेगाहर्ट्झही आहे, तो आत चांगला येतो, पण तुमच्या टॉवरवर तो लागलाय का हे तिथे जाऊनच कळणार. तरी १५ हजारांत ५जी फोन घ्या असंच मी सांगेन, कारण त्यातला मोडेम नवा असतो आणि ४जीचे पट्टे जास्त असतात. रेंजसाठी मात्र ४जीचेच बँड बघा.

खोक्यावर बँड क्वचितच लिहिलेले असतात. मॉडेल नंबर घ्या, नाव नव्हे, आणि कंपनीच्या साइटवर तपशील उघडा. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे बँड घेऊन विकला जातो. आपल्याकडे ४जीसाठी हे लागतात: जिओसाठी बँड ३, ५, ४०. एअरटेलसाठी १, ३, ८, ४०. व्हीआयसाठी १, ३, ८, ४१. बीएसएनएलच्या ४जीसाठी १ आणि २८. यातला २८ मुद्दाम तपासा. तो ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, दऱ्याखोऱ्यांत कामाचा, आणि काही स्वस्त फोनांत ४जीला तो नसतो. गिऱ्हाईक मग बीएसएनएलच्या नावाने बोटं मोडतं.

आणि फोनला धातूची पट्टी असलेलं कव्हर घालू नका. गाडीत चुंबकावर चिकटवायला ती पातळ चकती लावतात ना, ती अँटेनाच्या जागी आली की रेंज हमखास पडते. पाठीमागची चकती काढून दिल्यावर तक्रार मिटलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत.

दूरदेशी
न्यू जर्सीहून लिहितेय. इथून घरच्यांसाठी फोन पाठवणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये १४ पासून सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम. भारतात जिओ, एअरटेल, व्हीआय ई-सिम देतात, पण सत्तरीच्या माणसाने फोन बिघडल्यावर सिम काढून दुसऱ्यात घालायचं म्हटलं तर ते शक्य नाही. दुसरं, इथल्या नेटवर्क कंपन्यांकडून घेतलेले काही अँड्रॉइड फोन भारतात इंटरनेट चालवतात, पण व्होल्टी, म्हणजे ४जीवरून कॉल करण्याची सोय, चालू होत नाही. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी नसेल तर साधा कॉलही लागत नाही. आईबाबांसाठी फोन तिथेच घेतलेला बरा.

चाफेकळी
माझी अडचण वेगळी आहे. पुण्यात नवव्या मजल्यावर राहते. तरंग यांनी सांगितल्यावर मोजलं: −८४. म्हणजे उत्तम. तरी रात्री आठनंतर नेट रांगतं आणि दुपारी पळतं. सिग्नल चांगला असून असं का?

तरंग
चाफेकळी, तुम्हाला दुसरा आकडा बघावा लागेल, एसआयएनआर. आरएसआरपी म्हणजे समोरच्याचा आवाज किती मोठा, एसआयएनआर म्हणजे भोवतालच्या गोंगाटापेक्षा तो किती वर. मंगल कार्यालयात शेजारचा माणूस ओरडून बोलला तरी शब्द कळत नाहीत, तसं. २० च्या वर असेल तर झकास, दहाच्या आसपास ठीक, शून्याच्या खाली गेला की नेट रांगणारच. नवव्या मजल्यावर खिडकीतून बऱ्याच टॉवरांच्या लहरी एकदम येतात आणि त्याच एकमेकींचा गोंगाट होतात. खिडकीपासून आत, एका भिंतीच्या आडोशाला बसून बघा. आरएसआरपी पडेल, पण एसआयएनआर सुधारून वेग वाढण्याची शक्यता आहे.

आणि एसआयएनआर चांगला असूनही फक्त रात्रीच वेग पडत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. त्यावर नवा फोन घेऊन उपाय होत नाही. ५जी फोनचा मात्र इथे खरा उपयोग आहे, कारण ४जीची गर्दी टाळता येते. म्हणजे वाडीकरांना ५जीचा जो फायदा नाही, तो तुम्हाला आहे.

भटक्या
गडांवर हाच प्रकार. हरिश्चंद्रगडासारख्या उंचीवर −८५ दिसतो आणि साधा मेसेज जात नाही. लांबलांबचे दहा टॉवर एकाच वेळी दिसत असतात. कड्याच्या टोकावर उभं राहून फोन उंच धरण्यापेक्षा एखाद्या भिंतीच्या किंवा कातळाच्या आड, गावाकडे तोंड करून उभं राहा, बाकीचे टॉवर झाकले जातात. आणि ११२ या आपत्कालीन नंबरसाठी आपल्या सिमचं नेटवर्क नसलं तरी चालतं, दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवरून कॉल जातो. नवख्यांना हे आवर्जून सांगा.

वाडीकर
गावाला जाऊन आलो. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तसं मोजलं. एकच फोन, दोन सिमं. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण दोन वाड्या पलीकडे चित्र उलटं असेल आणि कुणीतरी ते वाचून सिम बदलेल.

पहिलं सिम (बाबा सध्या वापरतात ते), १८०० चा पट्टा: अंगणात −९७, ओटीवर −१०६, माजघरात −१२१. माजघरात एसआयएनआर −३.

दुसरं सिम, ९०० चा पट्टा: अंगणात −१०१, ओटीवर −१०४, माजघरात −११०. माजघरात एसआयएनआर ६.

अंगणात पहिल्याला चार काड्या, दुसऱ्याला तीन. गेली कित्येक वर्षं वाडीत सगळे "पहिल्याची रेंज चांगली" म्हणतात, कारण सगळे अंगणातच उभे राहून बघतात. आई मात्र फोन करणार माजघरातून.

तरंग
वाडीकर, हे आकडे बघून फार बरं वाटलं. धाग्यातल्या सगळ्या चर्चेचं सार तुमच्या या सहा आकड्यांत आहे.

अंगणातून माजघरात जाताना पहिल्याचे २४ डीबी गेले, दुसऱ्याचे ९. भिंती त्याच. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकी भिंत जड जाते हा एक भाग. दुसरा भाग टॉवरच्या दिशेचा आहे. दुसऱ्या कंपनीचा टॉवर ज्या बाजूला आहे तिकडून कौलांतून किंवा परसदारच्या दारातून लहरी आत येत असतील. जांभा जाड असतो, पावसाळ्यात पाणीही धरतो, ओली भिंत आणखी खाते. तेव्हा पहिल्याची माजघरातली रेंज उन्हाळ्यात थोडी सुधारलेली दिसेल, पण −१२१ वरून सुधारून किती सुधारणार.

माझं मत स्पष्ट आहे: बाबांचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करा. पोर्ट असं लिहून, जागा सोडून नंबर टाकून १९०० ला मेसेज. फोन असा घ्या ज्यात बँड ८, म्हणजे हाच ९०० चा पट्टा, नक्की आहे.

मोगरा
पावसाळ्याचा विषय निघालाय तर विचारते. आमच्याकडे सावंतवाडीला जोराचा पाऊस लागला की रेंजच जाते. पावसाने लहरी अडतात का?

तरंग
फोन आणि टॉवर यांच्यातल्या लहरी ७०० ते ३५०० मेगाहर्ट्झच्या. त्यांना पावसाचे थेंब जवळजवळ अडवत नाहीत. ओली झाडी थोडी अडवते. रेंज जाते ती दुसऱ्या कारणांनी. वीज जाते आणि टॉवरची बॅटरी काही तासांत संपते, डिझेल वेळेवर पोचत नाही. रस्त्याच्या कामात किंवा दरड कोसळून फायबर तुटते. आणि कोकणातले कितीतरी टॉवर एकमेकांना मायक्रोवेव्हच्या तबकडीने जोडलेले आहेत. त्या तबकड्या १५ गिगाहर्ट्झच्या आणि त्यावरच्या पट्ट्यांत चालतात, आणि तिथे मुसळधार पाऊस खरोखर सिग्नल खातो.

ओळखायचं कसं? काड्या पूर्ण आहेत पण कॉल, नेट काहीच होत नाही, तर मागची तार किंवा तबकडी गेलीय. काड्याच गेल्या तर टॉवरची वीज. तक्रार करताना हे सांगितलंत तर काम लवकर होतं.

म्हणून कोकणात दोन सिमं दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवाच. त्यातही दोघांचे टॉवर वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर चांगलं. पुष्कळदा एकाच मनोऱ्यावर तिन्ही कंपन्या असतात आणि वीज गेली की तिन्ही जातात.

चाफेकळी
ऑनलाइन तीन-चार हजारांत सिग्नल बूस्टर मिळतात, ते लावले तर?

दुकान_चिपळूण
लावू नका. खाजगी माणसाने असा बूस्टर लावणं भारतात बेकायदा आहे, तपासणी होऊन जप्त होतात. माझ्याकडे बरेच जण विचारतात, मी ठेवत नाही.

तरंग
कायद्यापलीकडे त्याचं कारणही समजून घ्या. ते यंत्र टॉवरच्या दिशेनेही गोंगाट वाढवून पाठवतं. तुमच्या घरात काड्या वाढतात आणि अख्ख्या वाडीचे कॉल तुटायला लागतात. लोक टॉवरला शिव्या देतात आणि कारण कुणाच्या तरी गच्चीवर असतं.

कायदेशीर मार्ग दोन आहेत. गावात फायबर आली असेल तर घेऊन टाका आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. एअरटेल आणि जिओ २०१९-२० पासून ते देतात. मग माजघरातली रेंज शून्य असली तरी नेहमीच्याच नंबरवरून कॉल लागतो. इन्व्हर्टरवर राउटर जोडायला विसरू नका.

फायबर नसेल तर ४जीचा राउटर घ्या, रेंज चांगली येते अशा उंच जागी बसवा आणि वायफाय घरात आणा. बाहेरची अँटेना लावणारे अँटेना छपरावर आणि राउटर खाली ठेवतात, मध्ये स्वस्त केबल. ती पातळ केबल दर मीटरला पाऊण-एक डेसिबल खाते. दहा मीटरांत अँटेनाची सगळी कमाई गेली. राउटर वर, अँटेनाच्या शेजारी ठेवा आणि खाली नेटवर्कची केबल आणा, त्यात काही कमी होत नाही.

मोगरा
फोन सारखा गरम होतो आणि बॅटरी दुपारीच संपते, याचाही रेंजशी संबंध आहे का?

तरंग
आहे. रेंज कमी असली की फोन पूर्ण ताकदीने बोलतो आणि सतत दुसरा टॉवर शोधत राहतो. तुमच्याकडे दिवसभर −११५ च्या खाली असेल तर मोठी बॅटरी घेण्याआधी सिम बदलून बघा. टॉवर जवळ नको म्हणणाऱ्यांनाही मी हेच सांगतो: टॉवर लांब गेला की कानाला लावलेला फोनच जास्त ताकदीने काम करतो. फोनचा सार (एसएआर, म्हणजे शरीरात शोषली जाणारी लहरींची ताकद) १.६ वॅट प्रतिकिलो या मर्यादेत असावा लागतो. तो *#०७# डायल करून दिसतो.

वाडीकर
पोर्टचा मेसेज पाठवलाय. फोन १४ हजारांत घेतला, बँड १, ३, ५, ८, २८, ४०, ४१ सगळे आहेत, मॉडेल नंबर टाकून साइटवर खात्री केली. दुसरं सिम बीएसएनएलचं ठेवावं म्हणतोय, पलीकडच्या टेकडीवर त्यांचा टॉवर आहे. तिथे ४जी सुरू आहे का हे घरबसल्या कळेल का?

दुकान_चिपळूण
ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपापल्या साइटवर रेंजचा नकाशा द्यावा लागतो, तिथे गाव शोधा. पण नकाशा उघड्यावरचा असतो, माजघरातला नसतो. त्यापेक्षा वाडीत कुणाकडे बीएसएनएलचं सिम असेल तर ते तुमच्या नव्या फोनमध्ये पाच मिनिटं घालून बघा. एलटीई (म्हणजे ४जी) बँड २८ दिसला तर डोळे झाकून घ्या. नुसतं २जी दिसलं तरी कॉलसाठी ठेवा, आईच्या बटणांच्या फोनमध्ये ते उपयोगी पडेल.

तरंग
सहमत. आणि फोनमध्ये "डेटा सिम आपोआप बदला" हा पर्याय बंद ठेवा. कमी रेंजच्या घरात फोन दोन सिमांमध्ये उड्या मारत बसतो आणि नेमका कॉल येतो तेव्हा अडकतो. कॉलसाठी माजघरातलं चांगलं सिम पक्कं करा. बाबांच्या पलंगाजवळ एकदा रात्री दारं-खिडक्या लावून आरएसआरपी बघा, दिवसा उघड्या दारात मोजलेला आकडा तिथे कदाचित लागू होणार नाही.